ओमेगा रोचं निमंत्रण: फसवणूक नाही, जादूची कांडीही नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातून मेकॅनिकल करून एक विद्यार्थी अमेरिकेत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या एमएसला आहे, सध्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये. त्याला 'ओमेगा रो' या संस्थेचं सभासदत्वाचं निमंत्रण ईमेलवर आलंय आणि फी भरायला सांगितलीय. घरचे म्हणतात, पैसे मागतायत म्हणजे काहीतरी गडबड असणार. रूममेट म्हणतो, घेऊन टाक, रेझ्युमेला आणि पुढे ग्रीन कार्डलाही कामी येतं.

दोघांचंही अर्धवटच बरोबर आहे. ओमेगा रो खरी आहे, पण ग्रीन कार्डचा तिच्याशी संबंध नाही. आणि मिळालेल्या प्रमाणपत्राचं पुढे काय करायचं, याचा विचार फार थोडे जण करतात.

ओमेगा रो ही ऑपरेशन्स रिसर्च (गणिताच्या आधारे व्यवस्थापनाचे निर्णय घेण्याचं शास्त्र) आणि मॅनेजमेंट सायन्सच्या विद्यार्थ्यांची ऑनर सोसायटी, म्हणजे चांगल्या गुणांवर सभासद घेणारी संस्था, 1976 मध्ये स्थापन झालेली. तेव्हा अमेरिकेत या क्षेत्राच्या दोन मोठ्या संस्था होत्या, ओर्सा आणि टिम्स. 1995 मध्ये त्या एक झाल्या आणि आजची इन्फॉर्म्स तयार झाली. ओमेगा रो इन्फॉर्म्सच्याच छत्राखाली चालते आणि इन्फॉर्म्सच्या वार्षिक संमेलनात तिच्या नावाचं मानाचं व्याख्यान असतं. नाव ग्रीक अक्षरांचं असलं तरी पार्ट्या आणि सामायिक घरं असलेल्या फ्रॅटर्निटीशी तिचं काही नातं नाही, हे घरी सांगून टाका. इंजिनिअरिंगची टाऊ बीटा पाय 1885 ची, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची अल्फा पाय म्यू 1949 ची, संख्याशास्त्राची म्यू सिग्मा रो 1968 ची. ओमेगा रो याच पंगतीतली, वयाने जरा लहान.

आता घरच्यांची शंका. ती अगदीच अनाठायी नाही, कारण ऑनर सोसायटीच्या नावाखाली निव्वळ ईमेल याद्या विकत घेऊन धंदा करणारेही आहेत. पडताळणीला दहा मिनिटं पुरतात. निमंत्रणात तुमच्या विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाचं नाव 'फॅकल्टी ॲडव्हायझर' म्हणून असलंच पाहिजे. नसेल तर तिथेच थांबा. असेल तर ईमेलला उत्तर न देता विभागाच्या संकेतस्थळावरून त्या प्राध्यापकांचा पत्ता शोधा आणि वेगळ्या ईमेलने विचारा. मग विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनांच्या यादीत चॅप्टर, म्हणजे सोसायटीची तिथली शाखा, नोंदलेला आहे का ते पाहा. फी एकदाच आहे की दरवर्षी, हेही विचारा. खऱ्या विषयवार सोसायटीत साधारणपणे प्रवेशाच्या वेळी एकदा पैसे घेतात आणि त्यात प्रमाणपत्र, पिन आणि कधी पदवीदानात गळ्यात घालायचा दोरा येतो. 'सिल्व्हर', 'प्लॅटिनम' असे सभासदत्वाचे दर, '48 तासांत भरा' अशी घाई, स्वतःच स्वतःचं नाव सुचवायची सोय, यातलं काहीही दिसलं तर सोडून द्या. अमेरिकेत असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज ही 1925 पासूनची शिखर संघटना आहे. तिच्या सभासदांची यादी उघडी असते, तीही एकदा चाळून घ्या.

एक अडचण खऱ्या चॅप्टरमध्येही येते. छोट्या चॅप्टरचा खजिनदार विद्यार्थीच असतो आणि तो आपल्या वैयक्तिक व्हेन्मो किंवा झेल या पेमेंट ॲपवर पैसे मागतो. ही फसवणूक नव्हे, गैरव्यवस्था आहे. विद्यापीठाच्या पेमेंट पोर्टलवरून भरायची सोय आहे का विचारा. नसेल तर ॲडव्हायझरला सीसी करून पावती मागा.

निवड कशी होते हे कळलं की निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात. सोसायटी तुमचा अर्ज वाचून निवड करत नाही. विभागाकडून एक एक्सेल शीट येते. तिच्यात विद्यार्थी क्रमांक, कोर्सचा कोड, मिळालेले क्रेडिट्स, एकूण जीपीए आणि पदवी कधी अपेक्षित आहे ते सेमिस्टर, एवढे रकाने असतात. त्यावर चाळणी लागते आणि उरलेल्यांना ईमेल जातो. ही शीट विद्यार्थी पदाधिकाऱ्यांच्या हाती सरसकट देता येत नाही. 1974 च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्यांचे गुण खासगी आहेत, म्हणून ती ॲडव्हायझरनेच मागवावी लागते. ॲडव्हायझर सबॅटिकलवर, म्हणजे लांबच्या अभ्यासरजेवर, गेले की त्या वर्षी यादीच निघत नाही. चॅप्टर झोपी जाण्याचं सर्वात सामान्य कारण हेच.

चाळणीचे नेमके आकडे पदवीच्या पातळीनुसार आणि चॅप्टरनुसार बदलतात, म्हणून ते ॲडव्हायझरकडूनच घ्यावेत. पण गणित कुठे अडतं ते सगळीकडे सारखंच. समजा अट 'वर्गातल्या वरच्या 25 टक्क्यांत' अशी आहे आणि वर्गात 46 जण आहेत. 25 टक्के म्हणजे साडेअकरा. आता एमएसच्या पहिल्या सेमिस्टरनंतर 14 जणांचा जीपीए 4.0, म्हणजे पैकीच्या पैकी, असतो, कारण तीनच विषय झालेले असतात. चौदांतून अकरा कसे काढायचे? शहाणे चॅप्टर अशा वेळी टक्केवारी बाजूला ठेवून किमान जीपीए आणि किमान क्रेडिट्स अशी दुहेरी अट लावतात. सहा विषय झाले की गर्दी पांगते. चार ए आणि दोन ए-मायनस असतील, तर ए-मायनसला 3.67 धरून सरासरी 3.89 येते. पाच ए आणि एक बी असेल तर 3.83. म्हणजे 3.85 ची रेघ मारली की एकच बी मिळवणारा बाहेर जातो आणि दोनदा ए-मायनस मिळवणारा आत राहतो. अन्याय वाटेल, पण शीट एवढंच बघते. तुमचा भारतातला सीजीपीए यात धरत नाहीत. दुसऱ्या विद्यापीठातून आणलेले क्रेडिट्सही सहसा जीपीएत येत नाहीत.

एवढं करूनही पात्र माणूस यादीतून गळतो, त्याची कारणं ठरलेली आहेत. प्रोजेक्टला 'इनकम्प्लीट' शेरा लटकलेला असतो, त्यामुळे क्रेडिट्स कमी दिसतात. एमईंगमधून (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) एमएसला बदल केलेला असतो आणि कोर्सचा कोड जुनाच राहतो. 'बिझनेस ॲनालिटिक्स' किंवा 'इंजिनिअरिंग मॅनेजमेंट'च्या विद्यार्थ्याने पाचपैकी चार विषय ऑप्टिमायझेशनचे घेतलेले असतात, पण त्याचा कोड विभागाच्या यादीत बसतच नाही. अशा वेळी ॲडव्हायझरला ट्रान्स्क्रिप्टची प्रत जोडून दोन ओळींचा ईमेल करावा, विनवण्या करू नयेत. निकष पुरे होत असतील तर नाव घालायला कोणाची हरकत नसते.

पण खरा घोळ कॅलेंडरचा आहे, आणि तो भारतीय विद्यार्थ्यांना जास्त बाधतो. बहुतेक ठिकाणी यादी जानेवारीत, फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टरचे गुण लागल्यावर काढतात. फेब्रुवारीत निमंत्रणं जातात, एप्रिलमध्ये प्रवेश समारंभ होतो आणि मे महिन्याच्या पदवीदानाआधी दोरे हातात पडतात. हे वेळापत्रक मे महिन्यात पदवी घेणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. आपली मुलं मात्र ऑगस्टला येतात, 30 क्रेडिट्सची एमएस तीन सेमिस्टरमध्ये उरकतात आणि दुसऱ्या डिसेंबरला पदवी घेऊन ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर, जातात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या दोन सेमिस्टरला साधारण 9-9 क्रेडिट्स होतात. चॅप्टरची अट जर 'निम्मी पदवी पूर्ण', म्हणजे 15 क्रेडिट्स अशी असेल, तर पहिल्या जानेवारीत तुमच्या नावावर 9 दिसतात आणि तुम्ही अपात्र ठरता. पुढच्या जानेवारीची यादी निघते तेव्हा तुम्ही विद्यार्थीच नसता. 4.0 असूनही माणूस दोन्ही याद्यांच्या मधून निसटतो आणि त्याला ते कळतही नाही.

तुम्हाला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये निमंत्रण आलंय, म्हणजे तुमच्या चॅप्टरची अट पहिल्याच सेमिस्टरवर आहे. ही संधी पुन्हा येईल असं धरून चालू नका. ज्यांच्याकडे अट निम्म्या पदवीची आहे, त्यांनी शेवटच्या सेमिस्टरच्या सप्टेंबरातच ॲडव्हायझरला गाठावं आणि डिसेंबरमध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी वेगळी यादी निघेल का ते विचारावं. 18 क्रेडिट्सचे गुण तोवर लागलेले असतात. ऑक्टोबरअखेर विचारलंत तरी चालण्यासारखं असतं, नोव्हेंबरात विचारलंत तर प्रमाणपत्र छापून यायला वेळ उरत नाही. आणि निमंत्रण विद्यापीठाच्या ईमेलवर येतं, ते दोन आठवड्यांत संपतं आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडलेलं असतं. जानेवारी ते मार्च तो फोल्डर आठवड्यातून एकदा उघडत जा.

प्रमाणपत्रावरचं नाव हा मराठी मुलांचा खास प्रश्न. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. विद्यापीठाच्या नोंदीत तीच जातात आणि प्रमाणपत्रावर 'रोहन सुरेश' आधी आणि आडनाव लांब कुठेतरी, किंवा कापलेलं, असं छापून येतं. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांच्या नावापुढे तर 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) अशी अक्षरं चिकटतात. फी भरताना जो फॉर्म असतो, त्यात 'प्रमाणपत्रावर हवं तसं नाव' असा रकाना शोधा. नसेल तर छपाईला जाण्याआधी पदाधिकाऱ्याला लेखी कळवा. नंतरची दुरुस्ती म्हणजे नव्याने छपाई, आणि तिची फी वेगळी पडू शकते.

रेझ्युमेवर ही एक ओळ आहे, शिक्षणाच्या भागात, जीपीएच्या खाली. ग्रीक अक्षरं न टाकता पूर्ण नाव लिहा: 'ओमेगा रो, ऑपरेशन्स रिसर्च आणि मॅनेजमेंट सायन्सची आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटी, निवड एप्रिल' आणि पुढे वर्ष. 'पुरस्कार' या मथळ्याखाली घालू नका, कारण तो पुरस्कार नाही. जीपीए 3.9 लिहिलेला असेल तर या ओळीने त्यात नवीन माहिती फारशी पडत नाही. जीपीए लिहायची पद्धत नसलेल्या ठिकाणी मात्र ती जीपीएचं काम करते. तीन-चार वर्षं नोकरी झाली की काढून टाका. प्राध्यापकीकडे जाणार असाल तर सीव्हीत राहू द्या.

या ओळीचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवा. मुलाखत घेणारा स्वतः या विषयातला असेल तर तो ती वाचून मुद्दाम पायाचा प्रश्न विचारतो. उदाहरणार्थ, एखाद्या मर्यादेची शॅडो प्राइस (ते साधन एका एककाने वाढवलं तर होणारा जादा फायदा) शून्य आली तर व्यवस्थापकाला काय सांगाल? 'तिथे साधन शिल्लक आहे, आणखी विकत घेऊ नका' हे उत्तर बरोबर, पण अर्धं. शिल्लक असेल तर शॅडो प्राइस शून्य असतेच. उलट दिशेने मात्र ते नेहमी खरं नसतं: मर्यादा पूर्ण वापरलेली असूनही, उत्तर डिजनरेट असेल, म्हणजे एकाच बिंदूवर गरजेपेक्षा जास्त मर्यादा येऊन मिळत असतील, किंवा एकाहून जास्त इष्टतम उत्तरं असतील, तर सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, शून्य दाखवू शकतो. हे दुसरं वाक्य बोलणारा उमेदवार आणि न बोलणारा उमेदवार यांत फरक दिसतो. प्रमाणपत्रावर नाव असून पहिलंही वाक्य सुचलं नाही, तर ती ओळ नसती तर बरं झालं असतं असं वाटेल.

आता रूममेटचा मुद्दा. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत मास्टर्सचा वेगळा कोटा अमेरिकन पदवीवर मिळतो, ऑनर सोसायटीवर नाही. ईबी-1ए, म्हणजे असामान्य कामगिरीवरच्या ग्रीन कार्डाच्या, दहा निकषांपैकी किमान तीन दाखवावे लागतात आणि त्यात 'सभासदत्व' हा एक निकष आहे, म्हणून हा समज पसरला. पण तिथे अपेक्षित असते ती अशी संघटना, जिच्यात असामान्य कामगिरीवर, नामवंत तज्ज्ञांनी पारखून, प्रवेश मिळतो. शिक्षणाच्या पातळीवर किंवा फी भरून मिळणारं सभासदत्व धरत नाहीत. गुणांच्या यादीतून आलेली ऑनर सोसायटी याच खात्यात जाते. इन्फॉर्म्सनेच 2002 पासून दिलेली 'फेलो' ही मान्यता किंवा लँचेस्टर पारितोषिक ही वेगळी गोष्ट. आयआयटी मुंबईतून शिकून गेलेल्या नरेंद्र करमरकरांना लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या 1984 च्या त्यांच्या पद्धतीसाठी लँचेस्टर मिळालं होतं. त्या रांगेत विद्यार्थीदशेतलं सभासदत्व उभं केलं तर उरलेला अर्जही अधिकारी संशयाने वाचतो. वकील 'घालून टाकू या' म्हणाला तरी विचार करा.

सरकारी उपयोग एक आहे, पण तो नागरिकांसाठी. अमेरिकेत जन्मलेली किंवा नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबांतली मुलं पदवीनंतर संघराज्य सरकारच्या नोकरीत, म्हणजे 1515 या ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्टच्या श्रेणीतही, जीएस-5 ऐवजी जीएस-7 या वरच्या वेतनश्रेणीवर लागू शकतात. त्यासाठी 'सुपीरियर ॲकॅडेमिक अचीव्हमेंट' दाखवावी लागते. वर्गात वरच्या एक-तृतीयांशात असणं, एकूण जीपीए 3.0 किंवा मुख्य विषयात 3.5 असणं, किंवा मान्य राष्ट्रीय ऑनर सोसायटीचं सभासदत्व, यातलं कोणतंही एक पुरतं. मान्य म्हणजे वर सांगितलेल्या शिखर संघटनेच्या किमान अटी पाळणारी. विषयवार सोसायटीसाठी ती किमान अट वरच्या 35 टक्क्यांची आहे. फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सोसायट्या चालत नाहीत. एमएस झालेल्याला याची गरजच नाही, तो पदवीवरच जीएस-9 ला पात्र होऊ शकतो.

मग घ्यावं का? निमंत्रण खरं असेल आणि फी एकदाचीच असेल तर घ्या. हात तंग असेल तर सोडा, काही बिघडत नाही. दोन निमंत्रणं असतील आणि एकच परवडत असेल, तर इंजिनिअरिंगच्या नोकरीसाठी टाऊ बीटा पायचं नाव जास्त लोकांना माहीत असतं. बिझनेस स्कूलमध्ये असाल तर बीटा गॅमा सिग्माचं. ऑपरेशन्स रिसर्चमध्येच पीएचडी करायची असेल तर ओमेगा रो.

घेतलंत तर मात्र समारंभात फोटो काढून थांबू नका. चॅप्टरला दरवर्षी पदाधिकारी मिळत नाहीत ही सगळीकडची रड आहे, त्यामुळे पद मिळणं अवघड नसतं. पदापेक्षा एक छोटा, खराखुरा प्रश्न सोडवून दाखवणं कितीतरी जास्त उपयोगाचं. सर्वात हाताशी असलेला प्रश्न म्हणजे आपल्याच विभागातल्या टीएंचं (टीचिंग असिस्टंट) वेळापत्रक. समजा 18 टीए आणि आठवड्याला 30 लॅबच्या वेळा आहेत. प्रत्येक जोडीला एक शून्य-एक चल (त्या वेळेला तो टीए असेल तर एक, नसेल तर शून्य), म्हणजे 540 चल झाले. एक्सेलचा साधा सॉल्व्हर 200 चलांवरच थांबतो, म्हणून तिथे सुरुवात करू नका. पायथनमध्ये पल्प ही लायब्ररी आणि सोबत येणारा सीबीसी सॉल्व्हर फुकट आहे, आणि गुरोबी या व्यावसायिक सॉल्व्हरचा विद्यार्थी परवानाही फुकट मिळतो. मर्यादा साध्या: प्रत्येक वेळेला नेमका एक टीए, प्रत्येकाच्या तासांची वरची हद्द, स्वतःच्या लेक्चरशी टक्कर नको. पहिल्याच धावेत सॉल्व्हर 'इन्फीजिबल', म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही, असं म्हणेल. कारण बहुधा असं निघेल की शुक्रवार दुपारच्या वेळेला कोणीच मोकळं नाही. तिथे मर्यादा कडक न ठेवता तुटलेल्या वेळेला मोठा दंड लावा. मग कोणत्या दोन लॅब हलवायच्या ते मॉडेलच दाखवतं. विभागाच्या कार्यालयात जी बाई हे काम दर ऑगस्टला हाताने करते, तिला बसवून दाखवा आणि ती ज्या अटी तोंडी सांगेल त्या घाला. 'अमक्याला अमक्याबरोबर देऊ नका' अशी एक तरी अट निघतेच. मुलाखतीत याच्यावर पंधरा मिनिटं बोलता येतं.

भारतात परतायचं असेल तर ओमेगा रोचं नाव बहुतेक एचआरला माहीत नसेल, तेव्हा त्या ओळीत 'वर्गातल्या वरच्या 25 टक्क्यांतून निवड' असं, म्हणजे तुमच्या चॅप्टरची जी अट असेल ती, लिहून टाका. इकडे या क्षेत्राची जुनी संस्था म्हणजे 1957 ची ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया, मुख्यालय कोलकात्यात, नियतकालिक ऑपसर्च. ती व्यावसायिक संस्था आहे, ऑनर सोसायटी नाही. गुणांवर प्रवेश नसतो. पण तिच्या वार्षिक अधिवेशनात वर सांगितल्यासारखा टीए वेळापत्रकाचा पेपर घेऊन उभं राहिलात, तर आयआयटी मुंबईच्या आयईओआर (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च) विभागातली किंवा पूर्वीच्या नीटीतली, म्हणजे आताच्या आयआयएम मुंबईतली, मंडळी प्रेक्षकांत असण्याची शक्यता बरीच. त्यासाठी सारांश पाठवण्याची मुदत अधिवेशनाच्या काही महिने आधी संपते, ती आधी बघून ठेवा.